नावापुढचं तोंड

"डोकं काढतोस ना माझं? मग पाय तरी कशाला ठेवतोस? पायही काढ! कंबर काढ! आख्खा दगड नदीत नेऊन टाक, म्हणजे तुझ्या धन्याच्या पोटात एकदाचा थंडावा पडेल!"

इश कानमो भर चौकात उभी राहून ओरडत होती. मचाणावर उकिडवा बसलेला होबील पाथरवट गारगोटीची छिन्नी मांडीवर ठेवून खाली बघत होता. खाली उतरावं तर म्हातारी, वर बसावं तर ऊन.

"आईसाहेब, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत की. हा दगड उभा राहिला तेव्हाही बघतच होते. आणि कोरलास तूच ना रे मेल्या? मिसरूड नव्हतं फुटलं तुला. माझं नाक तीनदा चुकलास, तरी तुझा हात कापू दिला नाही मी."

"नाकाला हात लावत नाहीये मी. नाक राहणार, चेहरा राहणार, नावही तेच राहणार. फक्त नावापुढचं ते तोंड तेवढं..."

"फक्त!"

फक्त म्हणायला ते फक्तच होतं, तळहाताएवढं. बाईचं नाव दगडावर घालायचं तर आधी बाईचं एक तोंड काढतात, बाजूनं दिसणारं, गालावर केसांची बट लोंबत असलेली. ते 'इश' असं वाचायचं, आणि मग पुढे नाव. तोंड असलं तर इश कानमो, म्हणजे बाईमाणूस. तोंड नसलं तर नुसता कानमो, म्हणजे कुणीही बाप्या. आमच्या साकतुनच्या बाजारात कानमो म्हणून हाक मारली तर दोघं-तिघं मागे वळतात. त्यातला एक मीठ विकतो आणि मापात मारतो.

बरं, अंगावरच्या कपड्यांवरून कळेल म्हणावं तर तीही बोंब. दगडातली कानमो हिरव्या मण्यांचा जाळीचा घागरा घालून उभी होती, आणि तोच जाळीचा घागरा राजेलोक मक्याच्या देवाचं सोंग घेऊन नाचतात तेव्हा घालतात. छातीवर मण्यांचा एवढा मोठा पट्टा, त्याखाली काय आहे ते कुणाला दिसतंय? म्हणजे बाईचा पुरुष करायला दोन-चार टवके उडवले की काम झालं. इतक्या स्वस्तात पुरुष दुसऱ्या कुठल्या गावात होत नसेल.

आणि तिच्या पायाखाली तोकबाक. नदीपलीकडच्या बालमहाचा राजा. हात पाठीमागे बांधलेले, पालथा पडलेला, मान वळवून वर बघणारा. कानमोची टाच त्याच्या पाठीत रुतलेली. होबीलनं ते इतकं झकास कोरलं होतं, की लहान पोरं येता-जाता तोकबाकच्या तोंडात बोट घालून बघायची.

आवाज ऐकून राजा स्वतःच आला. मुयालचाक, कानमोचा एकुलता एक मुलगा. मागे पंखेवाला, त्याच्या मागे दोन हुजरे, सगळ्यांच्या पुढे राजाचं पोट.

"आई, आत चल. उन्हात उभी राहू नकोस."

"मला ऊन नवीन नाही. ह्या दगडात कधीची उन्हातच उभी आहे मी."

"तुला सगळं नीट समजावून सांगितलंय."

"परत सांग. ह्या लोकांनाही ऐकू दे."

मुयालचाकनं इकडेतिकडे बघितलं. रताळी घेऊन चाललेल्या बायका थबकल्या होत्या. त्यानं आवाज खाली आणला. "बालमहाच्या कोशबाकचं म्हणणं रास्त आहे. तोकबाक त्याचा बाप. बापाला दगडातून काढा असं तो म्हणतच नाहीये. हरला तो हरला, राहू दे म्हणतो पायाखाली. फक्त पाय बाईचा नको, एवढंच."

कानमो हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पण पुढे झालेल्या हुजऱ्याचा हात तिनं झिडकारला. "म्हणजे तुडवलेलं चालतं त्यांना. तुडवणारी चालत नाही."

"हां. कळतंय ना तुला?"

"मला कळतंय. तुझं बोल. त्यांचं आहे, का तुझंच आहे हे?"

तिथं मात्र त्याचा तोल गेला. "माझंही आहे! मला काय म्हणतात माहितीये पलीकडे? घागऱ्याचा पोरगा! चेंडूच्या मैदानात उतरलो की तिकडून ओरडतात, घागरा सांभाळ रे, घागरा!"

"मग चेंडू नीट मार."

मचाणावरून होबीलला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यावर ढकललं.

"बाप मेला तेव्हा गुडघ्याएवढा होतास," कानमो म्हणाली. "राजा म्हणून जग्वारच्या कातड्यावर बसवला तर त्याच्यावर मुतलास. ते कातडं मी वाळवलं. तोकबाक भाले घेऊन नदीवर आला तेव्हा तुझे हे मोठे मोठे सरदार पोटदुखी झाली म्हणून घरात पडून होते. काट्याची दोरी जिभेतून मी ओढली. रक्त कागदावर टिपून देवासाठी मी जाळलं. माणसं मी पाठवली."

"पाठवलीस. स्वतः नाही गेलीस."

"आणि तू कुठं गेलायस आजवर? शौचाला?"

बायका फिसफिसल्या. मुयालचाकचा चेहरा मिरचीसारखा झाला. तो तिच्या अगदी जवळ आला. "नदीचा उतार त्यांच्या ताब्यात आहे, आई. मीठ तिथून येतं. आणि ते आपल्या सुयला सून करतायत. थोरली राणी म्हणून नेतायत, दुसरी-तिसरी नाही. तिचं वाटोळं करायचंय का तुला ह्या एका तोंडासाठी?"

सुय कानमोची नात, मुयालचाकचीच मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून पोरीला हिनंच वाढवलेलं. कानमो होबीलला म्हणाली, "मी परत येईपर्यंत छिन्नी उचललीस तर बोटं मोडीन," आणि तरातरा आत गेली.

सुय मागच्या अंगणात मागावर बसली होती. मागाचं एक टोक झाडाला, दुसऱ्या टोकाचा पट्टा स्वतःच्या कमरेला, मध्ये लाल-पांढरं कापड ताणलेलं. मागाला बांधलेली पोरगी उठून पळूही शकत नाही, म्हणून कानमोला तिच्याशी भांडायचं असलं की ती हीच वेळ साधायची.

"चौकात तमाशा केलास म्हणे," सुय मान वर न करता म्हणाली. "बाबांना शौचाला पाठवलंस म्हणे."

"इतक्यात आलं इथपर्यंत?"

"तुझ्या आधी आलं. तुझे गुडघे दुखतात, बातमीचे नाही."

कानमो तिच्यासमोर बसली. "तुला जायचंय तिकडे?"

"जायचंय."

"त्या पोराला बघितलंयस तरी?"

"पोराला काय बघायचं? दोन डोळे, एक नाक असेल." सुयनं धाग्यावर पट्टी आपटली. "आजी, तिथं माझा दगड उभा राहणारे. पूर्ण उंचीचा. मी उभी, डोक्यावर पिसं, नावापुढे तोंड. कोशबाकनं शब्द दिलाय."

"तुझ्या बापाला दिलाय. तुला नाही."

"मला कोण देणार? तुला दिला होता का कुणी, इथं आणलं तेव्हा?"

कानमोला आणलं होतं ते मधाच्या घागरी आणि कोंबड्यांबरोबर, एकाच तांड्यात. घागरी मोजून घेतल्या होत्या.

"एक डोकं द्यायचं आणि एक घ्यायचं," सुय म्हणाली. "तुझं सगळ्यांनी बघितलं, आजी. कंटाळा येईपर्यंत बघितलं. आता माझं बघू दे ना."

अशी बोलली कार्टी. कानमोचा हात उठलाच होता, पण हे बोलणं ओळखीचं होतं. ह्या वयात तीही असंच बोलायची, आणि तिची आजी असंच तोंड उघडं टाकून बघत राहायची.

"आणि उद्या तुला मुलगा होईल," ती म्हणाली, "आणि तोही तुझं तोंड खरवडायला माणूस वर चढवेल, तेव्हा गं?"

"तेव्हा मी म्हातारी असेन. बघू तेव्हाचं तेव्हा."

कानमो उठली. जाता जाता पोरीच्या कापडातला एक सुटलेला धागा तिनं आत खोचला. संध्याकाळी तिनं मुलाला निरोप पाठवला: काढा.

निरोपाचं काय होतंय हे कळावं म्हणून ती स्वतःच त्याच्या मागोमाग गेली. राजाच्या बैठकीला पडदा होता. पडद्याआड पुरुषमंडळी विड्या ओढत बसली होती, धूर पडद्याखालून येत होता. होबीलला बोलावून घेतलेलं होतं, आणि मुयालचाक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता:

"म्हातारीचं डोकं जिथं दिसेल तिथं उडव. ह्या चौकात एक शिल्लक ठेवू नकोस. परत कुणाची कटकट नको मला."

"सगळीकडे, धनी?"

"मी काय मुक्यांच्या भाषेत बोलतोय? सगळीकडे!"

कुणीतरी म्हणालं, "धनी, खरं डोकं तेवढं राहू द्या, नाहीतर जेवायची पंचाईत," आणि सगळे खदाखदा हसले. मुयालचाकही हसला. त्याचं हसणं ती झोपेतही ओळखायची. तिनंच गुदगुल्या करून शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी होबील कामाला लागला. कानमो दूर पायरीवर बसून बघत होती. दगडाला लाल रंग होता, त्यामुळे तोंड उडालं की तिथं पांढरा खड्डा पडायचा, दात पडल्यासारखा. तिचं नाव जिथं जिथं होतं तिथं तिथं एकेक दात पडत गेला. मग त्यानं खड्डे घासून सपाट केले, लाल रंग फासला, आणि दगडावर कानमो नावाचा एक राजा उभा राहिला. चांगला दिसत होता. नाक तेवढं तिचं होतं.

होबील खाली उतरला, मचाण उचललं आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं मुयालचाकचा स्वतःचा दगड होता, तो गादीवर बसला तेव्हा उभा केलेला. होबील त्याच्यासमोर बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग तो पायरीकडे आला.

"आईसाहेब, एक विचारायचं होतं."

"विचार."

"धन्यांच्या दगडावर पण तुमचं नाव आहे. कोणाचा मुलगा, तिथं. बापाचं पोर, पुढे मोठ्या राजांचं नाव. आईचं पोर, पुढे तुमचं. तिथं पण तोंड आहे." त्यानं घसा साफ केला. "ते पण काढायचं?"

आता हे सांगायलाच हवं. कुळवंत माणसाला आमच्याकडे अलमेहेन म्हणतात. अल म्हणजे आईचं पोर, मेहेन म्हणजे बापाचं पोर. दोन्ही जोडल्याशिवाय शब्द होत नाही आणि माणूसही होत नाही. नुसता मेहेन कोणीही असतो. शेतात राबणाराही कुणाचा तरी मेहेन असतोच. राजाच्या दगडावरून आईचं तोंड काढलं तर काय उरतं? बापाचं पोर, आणि आईच्या जागी कानमो नावाचा दुसरा एक बाप्या.

कानमोला हे त्याच क्षणी दिसलं. होबीललाही दिसत होतं, म्हणून तर तो आला होता. तिनं नुसती मान हलवली असती तरी तो छिन्नी गुंडाळून घरी गेला असता.

पण कानात ते हसणं होतं.

"हुकूम काय आहे?" तिनं विचारलं.

"जिथं दिसेल तिथं."

"मग मला काय विचारतोस? मी म्हातारी आहे. मला काय कळतं?"

होबील गेला आणि त्यानं तेही तोंड उडवलं.

तिचा हिशोब साधा होता. पोरगा उद्या सकाळी आपल्या दगडासमोरून जाईल, बघेल, बोंबलत तिच्या दारात येईल. आई, माझी आई परत लाव म्हणेल. ती त्याला तासभर दारात उभा ठेवेल, मग होबीलला बोलावून चुन्यात तोंड भरून घेईल. बस्स. एकदा त्यानं मागावं, एवढंच तिला हवं होतं.

पण मुयालचाक आपला दगड वाचायचाच नाही कधी. रोज त्याच्यासमोर थांबायचा, दगडातल्या स्वतःच्या पिसांकडे बघायचा, डोक्यावरची खरी पिसं सारखी करायचा आणि पुढे जायचा. अक्षरं त्याला पाठ होती, आणि पाठ झालेलं कोण वाचतं? दुसरं कुणी वाचत असलं तरी राजाला जाऊन कोण सांगणार, की धनी, तुमची आई पडली? कानमो वाट बघत बसली. एका संध्याकाळी ती त्याच्या दारापर्यंत गेलीही. आतून निरोप आला, राजे चेंडूवाल्यांबरोबर बसलेत, उद्या या. ती फिरली. मनात म्हणाली, मग बस असाच.

आणि दगड बघायला यायच्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच कोशबाक येऊन थडकला. शंख वाजले, धावपळ झाली, ज्या कोंबड्या अजून दोन दिवस जगणार होत्या त्या दुपारीच गेल्या.

कोशबाक काटकुळा माणूस. पुढच्या दातांत हिरवे खडे बसवलेले, त्यामुळे तो हसला की हसला का दात दाखवले ते कळायचं नाही. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी दगड बघू म्हणाला. सगळी वरात चौकात. सुय नव्या कपड्यांत, बापाच्या मागे. आणि कानमोच्या हातात कोकोचा उंच गडू, कारण पाहुण्याला पहिला कोको घरातल्या थोरल्या बाईनं ओतायचा असतो. तो उभ्यानं, छातीइतक्या उंचीवरून, धार न तोडता ओतायचा, म्हणजे फेस येतो. हे काम तिच्याइतकं सुरेख कुणालाच जमायचं नाही.

कोशबाकनं दगडातल्या बापाच्या डोक्यावर हात ठेवला. मग वरची अक्षरं बोटानं एकेक करत वाचली. "कानमो राजा," तो म्हणाला. "हां. पुरुषाचा पाय आहे. आता ठीक." त्यानं कोको घेतला, फेसाकडे बघितलं आणि कानमोला म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा."

"सराव आहे," कानमो म्हणाली.

मुयालचाक खुलला. "आता माझाही दगड बघा ना. हा असा, इकडे."

कानमो गडू घेऊन दोघांच्या आडवी आली. "आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "सगळं निवतंय. ऊन किती आहे."

"आई, एवढ्यानं काय होतंय?" मुयालचाक पाहुण्याला घेऊन पुढे झाला.

कोशबाक वाचायला लागला. बोट खाली सरकत होतं. बापाचं पोर. मोठ्या राजांचं नाव. आईचं पोर. बोट थांबलं. परत वर गेलं. परत खाली आलं.

"हे काय?" तो म्हणाला. "आईचं पोर, कानमो? हा तोच का, पलीकडचा? माझ्या बापावर उभा राहिलेला?"

मुयालचाक पुढे वाकला आणि कितीतरी वर्षांनी त्यानं आपला दगड वाचला.

"दोन बाप!" कोशबाक आपल्या माणसांकडे वळला. "अरे, ह्याला दोन बाप आहेत, आणि आईच नाही! कमाल झाली. बिचाऱ्या दोघांनी काढला तरी कसा ह्याला?"

त्याची माणसं पोट धरून हसली. मुयालचाकच्या मागचा पंखेवालाही हसला, मग त्याचा पंखा जोरजोरात हलायला लागला.

"पाथरवटाची चूक आहे," मुयालचाक म्हणाला. "ही काय आई. ही समोर उभी आहे माझी आई. तुम्हाला माहितीये."

"मला खूप काही माहिती असतं. मला तर हेही माहिती होतं, की माझ्या बापाच्या पाठीवर कोण उभं होतं. पण आपण काय ठरवलं? दगडावर जे असेल ते खरं." हिरवे दात दिसले. "आणि दगड म्हणतो, तू अलमेहेन नाहीस. नुसता मेहेन आहेस. नुसत्या मेहेनाची पोरगी मी थोरली राणी करून नेऊ? माझ्या घरी बायका मला भाकऱ्यांनी मारतील."

सुयचा चेहरा पांढरा पडला होता. कानमोनं तो बघितला आणि गडू खाली ठेवून पुढे आली.

"मी आई आहे ह्याची," ती मोठ्यानं म्हणाली. "इश कानमो. ह्याला मी ह्याच घरात जन्म दिला. सुईणीच्या मुली अजून जिवंत आहेत, विचारा."

"असं?" कोशबाक अगदी हळू म्हणाला. "तुम्ही इश कानमो?"

"मी."

"मग पलीकडच्या दगडावर कोण उभं आहे, आईसाहेब?"

सगळा चौक तिच्याकडे बघत होता. रताळ्यांच्या बायका, हुजरे, होबील, पोरं. तिचा मुलगा तिच्याकडे बघत होता, अगदी लहानपणी बघायचा तसा. सुयचे ओठ हलत होते. आजी, आजी.

कानमोनं पलीकडे, स्वतःच्या नाकाकडे बघितलं.

"तो वेगळा," ती म्हणाली. "तो कानमो राजा होता कुणीतरी. जुना. माझा काही संबंध नाही त्याच्याशी. मी नुसती आई आहे."

"परत सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तिनं परत सांगितलं.

"वा," कोशबाक म्हणाला. त्याला आत्ता कुठं भूक लागल्यासारखं दिसलं. "आई आहे, हे कळलं. तोंड लावून घ्या दगडावर. मुलगीही आम्ही नेऊ, मीठही सोडू, आम्ही शब्द मोडणारे नाही. पण आजच्या दिवशी ती नुसत्या मेहेनाची मुलगी आहे ना? तर थोरली राहू दे. थोरली आम्ही दुसरीकडून बघू. ही नंतरची."

मुयालचाकनं डोक्यावरची पिसं सारखी केली. मग तो म्हणाला, "जेवायला चला."

हे असं ठरलं. जेवण चांगलं झालं म्हणतात.

सुय निघायच्या दिवशी पहाटेपासून अंगणात ओझेवाले गोळा झाले. मधाच्या घागरी, कापडाचे गठ्ठे, पिंजऱ्यांत कोंबड्या. कानमो नातीच्या केसांत धागे गुंफायला बसली. सुयनं बराच वेळ गुंफू दिले.

"होबील घाबरट आहे," मग ती म्हणाली. "मनानं असं काही करायचा नाही. तुला विचारलं असणार."

"विचारलं."

"आणि तू?"

"मला वाटलं तुझा बाप बघेल. येईल धावत."

"बाबा?" सुय हसली. "तू बाबांना इतकी वर्षं ओळखतेस, आणि तुला वाटलं बाबा वाचतील?" तिनं आजीच्या हातातले केस काढून घेतले आणि उरलेली वेणी स्वतःच घातली, वाकडीतिकडी. मग गेली, पालखीत बसायला. पाया पडली, पण चारचौघांत पडतात तशी.

कानमो चौकात आली. होबील मुयालचाकच्या दगडावर चुना थापत होता. आईचं पोर, त्याच्यापुढे तोंड भरून आलं होतं. कपाळ, हनुवटी, गालावरची केसांची बट. ओला चुना चकाकत होता.

"बरोबर लागलंय," ती म्हणाली.

"चुन्याचं आहे, आईसाहेब. पावसाळे काढेल, पण दगडाचं ते दगडाचं."

"आणि पलीकडचं?"

होबीलनं हातावरचा चुना पुसला. पलीकडे कानमो राजा उन्हात उभा होता, तोकबाकच्या पाठीवर.

"तू चाललायस म्हणे तिकडे, पालखीबरोबर."

"कोशबाकनं मागून घेतलं मला. माझा हात आवडला म्हणे. सुयबाईंचा दगड करायचाय." तो छिन्न्या फडक्यात गुंडाळायला लागला. "दगड म्हणजे, दगड त्यांच्या मुलाचाच. त्यात सुयबाई खालच्या कोपऱ्यात."

"उभी?"

"गुडघ्यावर. हातात थाळी."

"नाक नीट काढ तिचं. माझ्यासारखं आहे. तीनदा चुकू नकोस."

"नाही चुकणार."

"आणि नावापुढे तोंड? ते तरी लावणार ना? ते तर त्यांना चालतं ना, खाली बसलेल्या बाईला?"

होबीलनं गाठ मारली, सोडली, परत मारली.

"तोंड आहे, आईसाहेब. पुढचं नाव नाही दिलं त्यांनी. नुसतं, साकतुनची बाई."

"म्हणजे कोण? साकतुनच्या बाया काय थोड्या आहेत? मीसुद्धा साकतुनची... होबील! अरे, तिला सुय नाव आहे! थांब, खाली बघू नकोस, मी काय विचारतेय, तू तिथं जाऊन गुपचूप..."

शंख वाजला. पालखी उचलली होती.

"आईसाहेब," होबील म्हणाला, "मला निघायला हवं आता."